सुई पोटात जात नाही म्हणे!

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्याला, मंचरच्या आडतीवर कांद्याची पोती वाहणाऱ्याला ‘अंगदुखीची गोळी सोड’ म्हणणे ही शहरी चैन आहे, असे एका गृहस्थांनी परवा सुनावले. म्हणे कष्टकऱ्याचे पोट दगड पचवते, गोळी जेवून घेतली की बाधत नाही, आणि सुई घेतली तर प्रश्नच मिटला. ती पोटात जातच नाही.

दगडाबद्दल एवढेच, की जठराला सातबारा वाचता येत नाही. भाकरीने जळजळ कमी होईल, व्रण टळेलच असे नाही.

सुईचा मुद्दा मात्र फारच गोड आहे. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले; १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अंगदुखीच्या गोळ्या-सुयांतली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन त्याच कुळातली. प्रोस्टाग्लँडिनमुळे गुडघा ठणकतो खरा, पण जठराचे आणि लहान आतड्याच्या सुरुवातीचे अस्तर आम्लापासून वाचते तेही त्याच्याच जोरावर. औषध तोंडावाटे घ्या, दंडात घ्या, कमरेत घ्या, शेवटी ते रक्तातच उतरते. या गृहस्थांचे रक्त बहुधा आळेफाट्यावरून वळसा घालून पोटाला टाळत असावे! शिवाय हा व्रण दुखतोच असे नाही. कित्येकदा पहिली खबर येते ती डांबरासारख्या काळ्या शौचाने.

‘अल्सर ठेच्याने होतो’ हाही आमचा जुना वाद. वॉरन आणि मार्शल यांनी अल्सरमागचा पोटातला जिवाणू दाखवून २००५ चे नोबेल घेतले, तरी इकडे आरोपी मिरचीच. दुसरा खरा आरोपी डायक्लोफिनॅक; त्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, असा नियम आहे. तो कुठल्या काउंटरवर दिसतो, ते गृहस्थांनी सांगावे.

मजुरी बुडते, हे खरे. म्हणून दुखण्याला आधी पॅरासिटामॉल, तेही मापात, गुडघ्याला मलम. डायक्लोफिनॅकसारखी गोळी लागलीच तर कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस, आणि आम्ल कमी करणारे औषध जोडीला हवे का, ते डॉक्टरांना विचारून. साठी उलटलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनी ती परस्पर घेऊच नये. आणि शौच काळे झाले, तर दुकानदाराला विचारत बसू नका. त्याच दिवशी मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा.