चौकटीला रंग लावणं म्हणजे आरंभ वाढवणं का?



परवा मंदिरातून येताना एक काकू म्हणाल्या, "खिडक्यांचा रंग कशाला काढलास गं? उगाच आरंभ वाढवायचा." तेव्हा मी गप्प बसले, पण मला ते पटलेलं नाही.

आमचं घर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ. इकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षं "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहिलो. मागच्या खिडकीचा रंग सुटला, खालचा कोपरा पाणी पिऊन भुसभुशीत झाला आणि एक दिवस त्यातून पिठासारखा भुसा गळायला लागला. लाकूड उघडं पडलं की भुंगेरे त्याच्या बारीक फटींत अंडी घालतात आणि अळ्या आतून पोखरत जातात. शेवटी औषध मारावं लागलं. त्या दिवशी सासूबाईंना घास गेला नाही. वेळेवर रंग लावला असता, तर अंडी घालायला जागाच उरली नसती. मग आरंभ कशात जास्त झाला, सांगा.

म्हणून आता आम्ही घरीच करतो. महावीर जयंती झाली की काम काढायचं, अक्षय्य तृतीयेपर्यंत उरकायचं. चातुर्मासात तर नाहीच. ओल्या लाकडावर रंग धरतही नाही.

जुना रंग घासताना मात्र जपा. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती असेल, सांगता येत नाही. आमच्याकडे आलेल्या रंगाऱ्याने कोरडंच घासलं आणि नातू त्याच धुळीत रांगत होता. पाणी गाळून पिणाऱ्या घरात हे चालतं कसं? वॉटर पेपर ओला करून घासा, खाली कागद पसरा, ओल्या फडक्याने पुसा, मुलांना लांब ठेवा. मग दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. आधी प्रायमर, मग लांबी, परत हलका कागद आणि ऑइल पेंटचे दोन पातळ हात. चौकटीचा खालचा सांधा विसरू नका, पाणी तिथेच मुरतं.

आणि ब्रश! बरेच ब्रश डुकराच्या केसांचे असतात. मला स्वतःला हे उशिराच कळलं. एक केस उपटून काडीने पेटवा. जळक्या केसांचा वास आला तर तो प्राण्याचा, वितळून गोळी झाली तर सिंथेटिक. आता मी दुकानात विचारूनच घेते. दुकानदार हसतो, हसू दे.

पुढच्या दोन खिडक्या अजून राहिल्यात. वळीव यायच्या आत उरकायच्या आहेत.