पाल पाळायची? मग आधी हात धुवा!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन त्याची आई आणि आजी दवाखान्यात आल्या. दोन दिवसांचा ताप, शेम-रक्ताचे जुलाब, डोळे खोल गेलेले. मी सवयीने पहिला प्रश्न केला, "वरचं दूध बाटलीनं पाजता का?" आई "हो" म्हणाली आणि माझा तपास तिथेच संपला. त्या माउलीला बाटलीवरून चार शब्द सुनावले, जलसंजीवनी सुरू केली आणि बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. चार दिवसांनी शौचाचा अहवाल आला. त्यात 'साल्मोनेला' हा जंतू निघाला.

तेव्हा मी जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो विचारला. घरात कोंबड्या, कासव, काही पाळलंय का? आजी फणकाऱ्याने म्हणाल्या, "कोंबड्या कशाला, आमच्या नातवानं पाल पाळलीय पाल!" सातवीतल्या थोरल्या नातवाला त्याच्या मामाने पुण्याहून वाढदिवसाची भेट म्हणून 'लेपर्ड गेको' आणून दिली होती. तिचे भांडे हा मुलगा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धूत असे. त्याच सिंकमध्ये बाळाची बाटली धुतली जात होती. पालीच्या विष्ठेची तपासणी आम्ही केली नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण जंतूची वाट स्पष्ट दिसत होती. मी त्या आईची माफी मागितली. बाळ आठवड्याभरात बरे झाले.

आजींचा निकाल मात्र ठरलेला होता. पाल विषारी, तिला फेकून द्या. मुलगा माझ्याकडे बघत होता. "डॉक्टरकाका, तिला मारणार का?"

वाचकहो, आजचा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पाल विषारी नसते

पाल चुकचुकली की आपण काम थांबवतो, अंगावर पडली की पंचांग उघडतो, आणि दुधात पडली की विषबाधा झाली म्हणतो. आपल्याकडची कोणतीही पाल विषारी नाही. अन्नात पाल पडून माणसे आजारी पडतात, ती बहुधा जंतूंमुळे. साल्मोनेला हा जंतू पाली, सरडे, कासवे यांच्या आतड्यात सुखाने राहतो. प्राणी ठणठणीत दिसतो आणि त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात. अमेरिकेत चिमुकली कासवे पाळण्याची टूम निघाली आणि मुले आजारी पडू लागली, तेव्हा १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर तिथल्या सरकारला बंदी घालावी लागली. मोठ्या माणसाचे दोन दिवसांच्या जुलाबावर निभावते. तान्ह्या बाळात हाच जंतू रक्तात शिरू शकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : ज्या घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेला रुग्ण आहे, त्या घरात पाल, सरडा, कासव आणूच नये. बाकीच्यांनी हौस जरूर करावी, पण ती रीतसर करावी.

बरणीतला जीव

त्या संध्याकाळी मी मुलाच्या घरी गेलो. पाल एका प्लास्टिकच्या बरणीत होती. तळाला बांधकामाची वाळू, वर जाळी, समोर वाटीत वरण-भात. पाय धनुष्यासारखे वाकलेले, शेपटी काडीसारखी. मला लहानपणी पाहिलेली मुडदुसाची मुले आठवली. आजारही तोच : कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता. म्हणजे त्या घरात मला एक नव्हे, दोन रुग्ण होते. दुसऱ्यासाठी मी माझ्या एका पशुवैद्य मित्राला गाठले. त्याने सांगितले ते इथे देतो.

ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातली. आपल्या घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना त्या चिकटणाऱ्या पट्ट्या नसतात. हिला पापण्या असतात, आपल्या घरच्या पालीला नसतात. दिवसा लपते, तिन्हीसांजेला बाहेर पडते. नीट सांभाळली तर १५ ते २० वर्षे जगते. मामाने वाढदिवसाची भेट दिली खरी; पण भाच्याचे लग्न होईपर्यंतची जबाबदारी दिली, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

घर : निदान तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद काचेची पेटी, वर घट्ट जाळी. पेटीत एकच पाल ठेवावी. दोन नर एकमेकांना फाडतात. तळाला वाळू नको. कोवळी पाल ती गिळते आणि आतडे तुंबते. साधी फरशी किंवा कागद उत्तम. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा हवा. उबेच्या बाजूला ३० ते ३२ अंश, गार बाजूला २४ ते २६. पाल स्वतःचे शरीर तापवू शकत नाही. ती जागा बदलून आपला पारा सांभाळते. हिवाळ्यात उबेसाठी गरम पट्टी वापरली तर तापमान-नियंत्रक हवाच, नाहीतर पोट भाजते.

पण आपल्या खानदेशात खरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, वीज जाते, आणि काचेची पेटी भट्टी होते. पेटी खिडकीपासून दूर, तळमजल्यावर, फरशीवर ठेवावी. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाला काचेला बाहेरून टेकवावी.

लपायला तीन जागा द्याव्यात : उबेला एक, गारव्याला एक, आणि ओलसर फडके घातलेला भोक पाडलेला डबा. माठाचे फुटके खापरही चालते. ओलसर जागा कात टाकण्यासाठी. ती नसेल तर कातीचे कडे बोटांना आवळून बसते, रक्तपुरवठा थांबतो आणि बोट गळून पडते.

आहार : ही पाल फक्त किडे खाते. वरण-भात, फळे, दूध काही नको. रातकिडे आणि पिठातल्या अळ्या हे तिचे अन्न; नुसत्या अळ्यांवर मात्र ती लठ्ठ होते. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. पिलाला रोज, मोठ्या पालीला आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी द्यावे. देण्याआधी किड्यांना दिवसभर गाजर, पालेभाजी चारावी आणि मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावे. 'ड' जीवनसत्त्व पशुवैद्यांच्या प्रमाणाने. न खाल्लेले रातकिडे काढून घ्यावेत, ते रात्री पालीलाच कुरतडतात. पाणी उथळ वाटीत, रोज बदललेले. शेपटी हा तिचा चरबीचा गल्ला आहे. ती जाड तर पाल बरी, वाळली तर दुखणेकरी.

एक इशारा. कपाशीच्या शेतातले नाकतोडे पकडून घालू नका. फवारणीचे विष किड्यामार्फत पालीच्या पोटात जाते. काजवे तर मुळीच नकोत. काही जातींच्या काजव्यांचे विष पालींना मारक असते.

घरच्यांसाठी पथ्य

१) पाल, पेटी, वाटी कशालाही हात लावला की साबणाने हात चोळून धुवा. नुसते पाणी पुरत नाही.
२) भांडी मोरीत किंवा अंगणात, वेगळ्या बादलीत धुवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर कधीही नाही.
३) पालीचा मुका घेऊ नका, तिला ताटाजवळ फिरू देऊ नका.
४) जुलाब झाले तर जलसंजीवनी आणि अंगावरचे दूध चालू ठेवा. मनाने गोळ्या देऊ नका, आणि घरात कोणता प्राणी आहे हे डॉक्टरांना न विचारता सांगा. आम्हीही चुकतो.

कायद्याचेही भान ठेवावे. रानातून धरून आणलेला प्राणी हौसेने ठेवणे गुन्हा ठरू शकतो. चांदणी कासव तर कडक संरक्षणाखाली आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि परदेशी प्राण्यांच्या ठरावीक जातींची नोंदणी सक्तीची झाली. विकत घेण्याआधी वन विभागात विचारा. दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. मी म्हणालो, "मारायची नाही. पण बाळ लहान आहे तोवर ती या घरात राहणार नाही." पशुवैद्य मित्राने ती आपल्याकडे नेली. मुलगा दर रविवारी सायकलने जातो, रातकिड्यांना गाजर घालतो, पेटी पुसतो आणि निघताना कोपरापर्यंत हात धुतो. पाय वाकडेच राहिले, पण शेपटी भरली आहे.

मुलांची हौस मारू नका. पण जीव म्हणजे खेळणे नव्हे, हे पेटी आणण्याआधी शिकवा. आणि ज्याला एवढे जमणार नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये. तुमच्या ट्यूबलाइटमागे एक पाल आहेच. तिला पेटी नको, भुकटी नको. ती आपले किडे आपण शोधते. तिला तिथेच राहू द्या आणि दुधावर झाकण ठेवा.