शिक्का कोणाचा? कोल्हापूरची कुस्ती आणि मान्यतेचे राजकारण

१/ कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती चितपट झाली की निकाल हजारो डोळ्यांदेखत लागतो. पंचाने हात वर करण्याआधीच मैदान विजेता ओळखते. परंतु या निकालाचे सरकारदरबारी चालणारे प्रमाणपत्र होत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेचा शिक्का लागतो. हा शिक्का कोणी मारायचा, यावरून महाराष्ट्रात आणि देशात जे घडले, त्याची किंमत कुमार गटातील मल्लांना मोजावी लागते. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/ राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. त्या काळी कुस्तीला मान्यता मिळे ती राजाश्रयातून आणि प्रेक्षकांकडून. जोड ठरवणारे वस्ताद आणि इनाम देणारा आश्रयदाता एवढी व्यवस्था पुरेशी होती. जत्रेच्या मैदानांत ती आजही पुरते.

३/ ऑलिम्पिकचा रस्ता मात्र संघटनेच्या दारातूनच जातो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांना पतियाळाच्या महाराजांपर्यंत न्यावी लागली, तेव्हा पुन्हा चाचणीची संधी मिळाली.

४/ हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पैसा कोल्हापूरने दिला, अंगमेहनत खाशाबांची होती. पण पाठवायचे की नाही, हे ठरवणारे तिसरेच होते.

५/ मामासाहेब मोहोळ यांनी उभी केलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद हा राज्याचा शिक्का. १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी'ची गदा याच परिषदेच्या नावाने दिली जाऊ लागली. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील याने ती जिंकली आणि कोल्हापूरची दोन दशकांची प्रतीक्षा संपली. त्यानंतर काही महिन्यांतच भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली. वाद न्यायालयात गेला आणि एका राज्यात दोन संघटना उभ्या राहिल्या.

६/ परिणाम २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दिसला. एकाच महिन्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' झाले. पुण्याजवळ फुलगावला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला सिकंदर शेख जिंकला, तर धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्येही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. गदा दोन झाल्या की तिचे वजन निम्मे होते.

७/ राष्ट्रीय पातळीवर चित्र याहून गंभीर होते. जानेवारी २०२३ मध्ये महिला मल्लांनी महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करीत आंदोलन केले. वेळेत निवडणूक न झाल्याने ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. डिसेंबरमध्ये निवडून आलेल्या नव्या कार्यकारिणीने १५ आणि २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा घाईने जाहीर केल्या. हेच एक कारण देत क्रीडा मंत्रालयाने २४ डिसेंबरला तिलाही निलंबित केले.

८/ जानेवारी २०२४ च्या अखेरीस निलंबित महासंघाने पुण्यात राष्ट्रीय स्पर्धा घेतली. तिची प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जाणार नाहीत, असे मंत्रालयाने आधीच सांगितले होते. काही दिवसांतच हंगामी समितीची राष्ट्रीय स्पर्धा जयपूरला झाली. मल्लाने जावे कुठे? एका आखाड्यात सरकारचा रोष, दुसऱ्यात संघटनेचा.

९/ ज्येष्ठ मल्ल अशा वर्षातून तरून जातो. त्याला नाव असते, मैदानांची बिदागी असते. सतरा वर्षांच्या मुलाकडे फक्त वय असते आणि ते थांबत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. शेत विकून मुलाला कोल्हापूरच्या तालमीत ठेवणाऱ्या बापाचा सारा हिशेब त्या कागदावर उभा असतो.

१०/ हा पेच केवळ आपला नाही. कॅनडात कुमार आइस हॉकीची ब्रिटिश कोलंबिया लीग २०२३ मध्ये राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेतून स्वेच्छेने बाहेर पडली. खेळ थांबला नाही. पण दोन व्यवस्थांमध्ये ये-जा करणाऱ्या मुलांवर निर्बंध आले. तेथेही भांडण मोठ्यांचे आणि बंद झालेली दारे मुलांची.

११/ मग ज्याला वाटेल त्याने मान्यता द्यावी का? मुळीच नाही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. शिक्के वाढले की खोट्याला वाव वाढतो आणि प्रामाणिक मल्लाचाच कागद संशयित ठरतो. एकच संघटना असावी, या म्हणण्यात तथ्य आहे.

१२/ परंतु एकाच हाती शिक्का असला की तक्रार करायला दुसरे दार उरत नाही, हेही खाशाबांपासून महिला मल्लांपर्यंत सिद्ध झाले आहे. दोष संघटना एक की अनेक यात शोधणे व्यर्थ आहे. जी संघटना स्पर्धा भरवते, निवड करते, तीच प्रमाणपत्र देते आणि तक्रारही तीच ऐकते, हे मूळ दुखणे आहे.

१३/ उपायाची वाट महाराष्ट्रात आधीच पडलेली आहे. शालेय कुस्ती स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत शासनाचा क्रीडा विभाग घेतो. कुस्ती संघटनेतील सत्तांतराने त्या बंद पडत नाहीत. हेच तत्त्व २० वर्षांखालील सर्व गटांना लावावे. वजन, वयाचा दाखला, नोंदणीकृत पंच आणि उत्तेजक चाचणी यांचे निकष पाळलेल्या स्पर्धेचा निकाल जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या नोंदवहीत चढावा; मग आयोजक कोणत्याही गटाचा असो.

१४/ २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वादांसाठी न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. ही चौकट स्वागतार्ह आहे. मात्र निवाडा होईपर्यंतच्या काळात कुमार मल्लाचे वर्ष सुरक्षित राहील, असा नियम तिच्यात स्पष्टपणे यायला हवा.

१५/ मान्यता ही संघटनेची मालमत्ता नसून तिच्याकडे ठेवलेली ठेव आहे. ठेवीचे खरे धनी पहाटे तालमीत जोर-बैठका मारणारी मुले आहेत. विश्वस्तांचे भांडण कितीही काळ चालो, धन्याचा हप्ता बुडता कामा नये.