शेवटचं वर्ष घरच्या रानात

मंडळी, शिकलेला पोरगा गावात राहत नाही, हे आता कुणी तक्रार म्हणूनसुद्धा सांगत नाही. दहावी गावात, बारावी तालुक्याला, पदवी शहरात आणि नोकरी त्याच्याही पलीकडं. शेतकीची पदवी घेतलेली कितीतरी मुलं पुण्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली दिसतात. त्यांना बोल कसा लावायचा? "शीक, नाहीतर ढोरं राखावी लागतील," हे आपणच त्यांना लहानपणापासून ऐकवलं. मग शिकलेला माणूस ढोरांकडं परत येईल कशाला?

आज तुम्हाला अशा एका विद्यापीठाविषयी सांगायचं आहे, ज्यानं गावी परतणं हाच अभ्यासक्रमाचा भाग करून टाकला. हे विद्यापीठ आहे दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात. राजधानीचं शहर बोगोटा, डोंगरावर सुमारे २६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळजवळ दुप्पट उंच. तिथं १९६४ साली कॅथलिक ब्रदरांनी ला साल विद्यापीठ सुरू केलं. विद्यापीठ खासगी आहे, सरकारी नव्हे.

ब्रदर म्हणजे फादर नव्हेत, बरं का. ते धर्मगुरू नसतात, पण लग्नसंसार न करता व्रतस्थ राहतात, आणि शिकवणं हेच त्यांचं काम. या ब्रदरांची संस्था फ्रान्समध्ये १६८० साली झां बाप्तिस्त द ला साल यांनी उभी केली. हे मोठ्या घरचे गृहस्थ. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी आपली मालमत्ता गरिबांना वाटून टाकली. त्या काळी मुलांना आधी लॅटिनमधून वाचायला शिकवत. यांनी सुरुवात केली ती मुलांच्या घरच्या फ्रेंच भाषेतून. गरिबाचं पोर शाळेत टिकायचं असेल तर शाळेनंच त्याच्याकडं दोन पावलं गेलं पाहिजे, ही समज तेव्हापासूनची.

आता कोलंबियाचं दुखणं. या देशात गेल्या शतकाच्या मध्यापासून यादवी पेटलेली. एका बाजूला बंडखोरांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला त्यांच्याविरुद्ध उठलेल्या खासगी सशस्त्र टोळ्या, आणि सरकारी लष्कर. तिथल्याच ऐतिहासिक स्मृती केंद्रानं २०१३ साली हिशेब मांडला, तो १९५८ ते २०१२ या काळात सुमारे २ लाख २० हजार माणसं मारली गेल्याचा. त्यातले बहुतेक साधे नागरिक होते. गावंच्या गावं उठली. लाखो शेतकरी कुटुंबं रान, गुरं, घरदार सोडून शहराच्या कडेला झोपड्या बांधून राहिली. सर्वांत मोठ्या बंडखोर संघटनेशी सरकारचा शांततेचा करार झाला तो २०१६ साली. त्यानंतरही सगळीकडं शांतता झाली असं नाही.

हा करार व्हायच्या सहा वर्षं आधी, २०१० साली, ला साल विद्यापीठानं आपली एक शाखा उघडली. कार्लोस गोमेझ रेस्त्रेपो नावाचे ब्रदर तेव्हा विद्यापीठाचे प्रमुख होते. जागा निवडली ती राजधानीत नव्हे, तर डोंगर उतरून पूर्वेच्या सपाट गवताळ मुलखात, योपाल शहराजवळ. हा मुलूख उष्ण आणि गुराढोरांचा. शाखेचं नाव ठेवलं 'उतोपिया'. टॉमस मोर यांच्या १५१६ सालच्या पुस्तकातलं हे नाव, आणि त्याचा अर्थ 'कुठंच नसलेलं ठिकाण'. असलं नाव दारावर लावायला छाती लागते.

इथं शिकवतात शेतकी, आणि प्रवेश मिळतो तो यादवीनं पोळलेल्या खेड्यांतल्या गरीब घरच्या मुलामुलींना. शिकण्याचा आणि राहण्या-जेवणाचा बहुतेक भार देणगीदारांच्या पैशातून उचलला जातो. मुलं देशाच्या चारी कोपऱ्यांतून येतात. कुणी आदिवासी, कुणी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. एकाच्या घराला बंडखोरांनी छळलेलं, तर दुसऱ्याच्या घराला त्यांच्या विरुद्धच्या टोळ्यांनी. वसतिगृहात हे सगळे शेजारी शेजारी झोपतात आणि एका पंगतीला जेवतात. मला विचाराल तर अर्धं शिक्षण इथंच झालं.

उरलेलं अर्धं रानात. 'करून शिकायचं आणि करून दाखवून शिकवायचं' हे तिथलं ब्रीद. जे पीक वर्गात शिकायचं, ते स्वतःच्या हातानं काढायचं. फळ्यावर कीड ओळखली आणि सुटलो, असं नाही. त्या मुलखातलं एक पीक कसावा. आपल्या उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच हा. तिकडं मात्र तो उकडून, तळून रोज खातात, आणि त्यांना त्याला उपास लागत नाही! वर्षाला चार-चार महिन्यांची तीन सत्रं असतात. लांबलचक सुट्टी नाही, पिकाला कुठं सुट्टी असते?

अशी तीन वर्षं काढली की चौथ्या वर्षी खरी कसोटी. विद्यार्थ्यानं आपल्या मूळ गावी जायचं आणि तिथं स्वतःचा शेतीचा धंदा उभा करायचा. जमीन कुठली, पाणी कुठलं, भांडवल किती, माल विकायचा कुठं, हे सगळं आधी कागदावर मांडायचं आणि मग करून दाखवायचं. हे पार पडलं की पदवी.

आपल्याकडं काय आहे, ते तुम्ही पाहिलंच असेल. शेतकी कॉलेजची शेवटच्या वर्षाची मुलंमुली कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात येतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, माती तपासायला नेतात, फोटो काढतात. योजना चांगलीच आहे. पण ही मुलं येतात दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या बांधावर, आणि काही आठवड्यांनी निघून जातात. पीक गेलं तर नुकसान त्यांचं नसतं. स्वतःच्या बापाच्या रानात, भावकीच्या डोळ्यांदेखत नवं पीक लावायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. शेतकरी होणं म्हणजे तो गोळा पचवणं, आणि ते कुठल्याच वर्गात शिकवता येत नाही.

या कामाला मर्यादाही मोठ्या आहेत. देणगीवर चालणारी संस्था मोजक्याच मुलांना घेऊ शकते. आणि मुलगा शिकून आला म्हणून गावाला पक्की सडक होत नाही, की व्यापारी भाव वाढवून देत नाही. जिथं यादवी अजून धुमसते आहे, तिथं लेकीला परत पाठवताना आईच्या मनात काय येत असेल, ते तुम्हीच समजा. शहरातच राहा, निदान जीव तरी सलामत राहील, असं वाटणारी आई तिथंही असणारच. तरीही पदवीच्या कागदाआधी गावची वाट धरावी लागते, आणि वर्षभरानं पदवी हातात आली तेव्हा मुलगा उभा असतो तो बोगोटाच्या अभ्यासिकेत नव्हे, घरच्या पिकात. तिथून पुढं राहायचं की जायचं, हे त्यानं ठरवायचं.