एकसष्टचा ताळा

व्यापारी घरात संख्येचे मोल बहुधा रुपयांत होते. आज मात्र अशा एका दहा अंकी संख्येचा परिचय करून द्यावयाचा आहे, की जिच्यापासून कोणाला दमडीचाही नफा झालेला नाही. तरीही आपल्या खानदेशच्या बाजारपेठेशी तिचे जुने नाते आहे. ती संख्या अशी: १,७६,६३,१९,०४९.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. एखाद्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ठरावीक गुणकाने गुणून १ मिळवला असता बेरीजही पूर्ण वर्ग यावी. गुणक ६० असेल तर ४ ही संख्या पुरते: १६ ची ६० पट ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. गुणक ६२ असता ८ पुरतात. बेरीज ३,९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ला मात्र लहानात लहान संख्या लागते ती २२,६१,५३,९८०! तिच्या वर्गाची ६१ पट करून १ मिळवला की आपल्या दहा अंकी संख्येचा वर्ग येतो. शिवाय या मोठ्या संख्येस लहान संख्येने भागले, तर ६१ चे वर्गमूळ पंधरा दशांश स्थळांपर्यंत अचूक मिळते.

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणितात हे उत्तर चक्रवाल पद्धतीने काढले आहे. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ अधिक. हा फरक ठरावीक कृतीने पुनःपुन्हा फिरवीत अखेर १ वर आणावयाचा. फ्रान्समधील गणिती फर्मा यांनी हेच ६१ चे कोडे समकालीनांपुढे ठेवले ते १६५७ मध्ये, पाचशे वर्षांनंतर.

ही विद्या पुढील पिढ्यांना मिळावी म्हणून भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. आपल्या वरणगावाप्रमाणेच ते स्थान आज जळगाव जिल्ह्यात आहे. तेथील शके ११२८ च्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात मठाच्या उत्पन्नाची तरतूद नोंदली आहे. बाजारात उघडणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा मठाला, ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल!

घरातील मुलगी गणितातच पुढे शिकू म्हणते, तेव्हा ‘याचा पेढीला उपयोग काय?’ असा प्रश्न आपण सहज करतो. पाटणच्या बाजाराने उपयोगाचा हिशेब न मांडता शिक्षणाचा खर्च वाहिला. येत्या वहीपूजनाला आपल्यापैकी प्रत्येक पेढीने एका विद्यार्थ्याच्या गणितशिक्षणाची रक्कम पहिल्या पानावर लिहावी, एवढीच विनंती. पळीभर तेलाइतकी असली तरी चालेल. मात्र ती दरवर्षी लिहिली जावी.