बटणं मोजणाऱ्यांनो!

खरा युद्धपट कोणता, यावर पांढरपेशे शहाणे रात्र-रात्र भांडतात. बंदूक त्याच सालातली होती का? वर्दीची बटणं बरोबर का? अरे, बटणं कसली मोजता? मी विचारतो, हुकूम कुणी सोडला आन् मेलं कोण?

'द लाँगेस्ट डे' (१९६२) म्हणजे नटांची जत्रा. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधलं (१९९८) ओमाहा किनाऱ्यावरचं मरण खरंच, नाकारत नाही मी. पण तिथं गोळी समोरून येते. युद्धात ती पाठीमागूनही येते. ती कोण दाखवणार?

स्टॅन्ले कुब्रिकनं दाखवली. 'पाथ्स ऑफ ग्लोरी', १९५७. पहिलं महायुद्ध, फ्रेंच फौज. बढतीच्या लालचीनं जनरल अशक्य हल्ल्याचा हुकूम देतो. हल्ला फसतो. मग भित्रे ठरवून मारायला तीन शिपाई निवडतात. एकाला अधिकाऱ्याचं पाप ठाऊक असतं म्हणून. एकाला चिठ्ठ्या टाकून. आणि तिसरा? समाजाला नकोसा म्हणून! जखमी बेशुद्धाला तर स्ट्रेचरसकट उभा करतात. गोळ्या आपल्याच फौजेच्या.

ही हवेतली गोष्ट नाही. १९१५ साली सुएँच्या आघाडीवरचे चार फ्रेंच कॉर्पोरल त्यांच्याच फौजेनं गोळ्या घालून मारले. १९३४ साली त्यांना निर्दोष ठरवलं. मेल्यावर एकोणीस वर्षांनी!

फ्रान्सच्या थेटरांत हा पिक्चर १९७५ पर्यंत लागला नाही. का, बटणं चुकली होती? दोस्तहो, निशाणा बरोबर लागला होता. हुकूम सोडणाऱ्याला झोंबतो, तोच युद्धपट खरा.