पाहुणा मासा

काश्मीरच्या प्रवासवर्णनांत ट्राउट माशाचें नांव हटकून येतें, आणि वाचणाऱ्यास सहज वाटतें कीं, केशराप्रमाणें हा मासाही त्या भूमीचाच असावा. वस्तुस्थिति तशी नाहीं. तेथील ओढ्यांत ट्राउट पूर्वीं मुळींच नव्हता. १८९९ सालीं त्याचीं अंडीं विलायतेहून मागविलीं, तीं वाटेंतच मेलीं. १९०० सालीं स्कॉटलंडहून आलेला दुसरा सांठा मात्र जगला. ह्या कामीं पुढाकार घेणारे फ्रँक मिचेल हे श्रीनगरांत गालिच्यांचा कारखाना चालवीत असत. पुढें हारवन येथें बीजगृह उभें राहिलें, आणि तेथून पिल्लें खोऱ्याखोऱ्यांतून सोडण्यांत आलीं. नीलगिरीवर अॅव्हलांच येथेंही १९०७ सालीं असेंच बीजगृह निघालें. ह्या साऱ्या खटपटीचा हेतु लोकांस अन्न मिळावें हा नव्हता. घरापासून दूर आलेल्या साहेबलोकांस गळ टाकून बसण्याचें सुख मिळावें, एवढाच होता.

ह्या माशाविषयीं माझें मत मीं आरंभींच सांगून टाकितों. ट्राउट पाळावा; पण तो बांधलेल्या कुंडांत पाळावा, मोकळ्या ओढ्यांत सोडूं नये. हीं दोन कामें लोक एकच समजतात, आणि तेथेंच घोटाळा होतो.

माणसानें ह्या माशासाठीं केलेले श्रम पाहिले म्हणजे कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. १८६४ सालीं ‘नॉरफोक’ नांवाच्या जहाजानें इंग्लंडहून टास्मानियास अंडीं नेलीं. ओल्या शेवाळांत गुंडाळून, लांकडी पेट्यांत घालून व त्या पेट्या बर्फाखालीं रचून, सुमारें तीन महिन्यांचा प्रवास उष्ण कटिबंधांतून पार पाडला. आधींचे प्रयत्न फसले होते. ह्या खेपेस पिल्लें फुटलीं. थंडींत अंड्यांतील वाढ मंदावते, ह्या एका साध्या ज्ञानावर हें सारें साधलें. विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां कुंडांतील पालनाकडे वळूं. ट्राउटला थंड पाणी हवें, तें केवळ थंडीच्या आवडीनें नव्हे. पाणी जितकें थंड, तितका त्यांत प्राणवायु अधिक विरतो. १० अंशांच्या पाण्यांत एका लिटरमागें सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, तर ३० अंशांस साडेसातच. म्हणून झऱ्याचें अथवा हिमाचें वाहतें पाणी लांबट कुंडांतून अखंड खेळवावें लागतें. पाणी कांहीं काळ जरी थांबलें, तरी दाटीनें राहणारे मासे गुदमरून मरतात. रखवालदारास रात्रींही झोंप सांभाळून घ्यावी लागते. विणीच्या वेळीं पक्व मादीचें पोट हलकेंच चेपून अंडीं कोरड्या भांड्यांत घेतात, त्यांवर नराचें रेत सोडून मिसळतात आणि मगच पाणी घालतात. एक किलो वजनाची मादी साधारण दीड ते दोन हजार अंडीं देते. तीं अंधाऱ्या जागीं, हळू वाहत्या पाण्याखालीं ताटांतून पसरून ठेवितात. त्यांत एखादें मेलें तर तें पांढरें पडतें, व त्यावर आलेली बुरशी शेजारच्या अंड्यांस धरते. म्हणून मेलेलीं अंडीं एकेक करून वेंचावीं लागतात. अंड्यांत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसूं लागेपर्यंत त्यांस धक्का खपत नाहीं. पाणी १० अंशांवर असेल, तर इंद्रधनुषी ट्राउटचीं पिल्लें सुमारें एका महिन्यांत फुटतात. शिकारीच्या नादांत असलें निगुतीचें काम कोणी केलें नसतें, असें मला वाटतें!

काश्मिरांत कोकरनाग येथें १९८४ सालीं युरोपीय आर्थिक समूहाच्या साहाय्यानें मोठें पालनकेंद्र निघालें, आणि हिमाचल प्रदेशांत पतलीकुहल येथील केंद्रास पुढें नॉर्वेची मदत मिळाली. आज तेथील पहाडी शेतकरी आपल्या बांधाशेजारीं कुंडें बांधून हा मासा विकतात. साहेबांच्या करमणुकीची वस्तु शेतकऱ्याच्या घरीं पैसा आणूं लागली, ह्यांत वाईट काय आहे?

वाईट आहे तें मोकळ्या सोडण्यांत. ट्राउट हा शिकारी मासा आहे. हिमालयाच्या ओढ्यांत ज्यास कुमाऊंकडे असेला म्हणतात, त्या वर्गांतील मूळचे मासे युगानुयुगें राहत आले. त्यांच्या ऱ्हासास हा पाहुणाही कांहीं अंशीं कारण झाला, असें जाणते मानितात. (मागाहून आणलेले कार्प मासे व पाण्याची घाण हींही कारणें आहेतच.) जगांतील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें प्रसिद्ध केली, तींत तपकिरी आणि इंद्रधनुषी हे दोन्ही ट्राउट आहेत. कोणी म्हणेल कीं, गळ टाकण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळें गांवास उत्पन्न होतें. होतें खरें. जेथें ट्राउट शतकभर मुरला, तेथून तो काढणें आतां कोणाच्या हातीं नाहीं. तेथें प्रवाशांनीं खुशाल यावें. पण जे वरचे ओढे अजून अस्पर्श आहेत, त्यांत नवीं पिल्लें ओतण्याचें कारण काय?

वर्गांत एकानें मला विचारिलें कीं, मग महाबळेश्वरास ट्राउट कां नसावा? तेथील हवा आपणांस गार वाटते, परंतु वैशाखांत ओढे आटतात आणि उरलेलें पाणी तापतें. हा मासा तेथें टिकणार नाहीं. आपला धडा निराळ्या माशाकडून घ्यावयाचा आहे. १९५२ सालीं आफ्रिकेंतील तिलापिया हिंदुस्थानांत आणला गेला. उजनीच्या जलाशयांत ज्यास कोळी बांधव चिलापी म्हणतात, तो त्याच कुळांतला. उलट महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहांत मूळचे महाशीर मासे लोकांनीं श्रद्धेनें राखिले आहेत. दोन्ही चित्रें पालकांनीं मुलांस प्रत्यक्ष दाखवावींत. सहलीस जाण्याजोगीं तीं ठिकाणें आहेत.

एक शंका मात्र माझ्या मनांत राहतेच. कुंडांतला ट्राउट मांसाहारी असल्यानें त्याच्या खाद्यांत माशांचें कूट व तेल घालावें लागतें, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारली असल्या कुटाच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर जाते. गरिबाच्या कालवणांतली मासळी दळून श्रीमंताच्या ताटांतला मासा पोसणें मला रुचत नाहीं. अलीकडे खाद्यांत सोयाबीन इत्यादि घालून कुटाचा भाग कमी करूं लागले आहेत. ह्या कामास सरकारी साहाय्य अधिक मिळावें. आणि प्रत्येक कुंडाच्या मुखाशीं दुहेरी जाळी व खालीं गाळ बसण्यासाठीं एक वेगळा हौद असल्यावांचून परवाना देऊं नये, म्हणजे पूर आला तरी कुंडांतला मासा ओढ्यांत सहजीं उतरणार नाहीं.